तिरंदाजाचा नांगर



गेल्या पंधरवड्यात एका वाचक भगिनीचे चार पानी पत्र आमच्या हाती आले. पहिली तीन पाने घरच्या खुशालीची, पिकापाण्याची आणि अर्धवट राहिलेल्या पडवीची होती. खरी हकीगत चौथ्या पानावर होती. तिच्या थोरल्या मुलास यंदा सोळावे लागले आहे आणि त्यास धनुर्विद्येचा नाद लागला आहे. मामाने शहरातून त्याला एक लाकडी धनुष्य आणून दिले. जुन्या पद्धतीचे, साधे. त्यास ना चाके, ना नेम धरण्याची खूण. भातकापणी झाल्यावर रिकाम्या खाचरात पेंढ्याची गंजी उभी असते, तीवर हा मुलगा बाण मारीत असतो. शनिवारी एकटा असला म्हणजे दहांतील सात-आठ बाण जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत बसतात. रविवारी मिस्सा आटोपून मामेभाऊ-मावसभाऊ पाहावयास जमले की तेच बाण काही गंजीच्या माथ्यावरून पलीकडे जातात, तर काही अलीकडे मातीत रुततात. मुलाचे म्हणणे असे की धनुष्य कमजोर आहे. सध्याचे ३५ पौंडांचे आहे, त्यास ५० पौंडांचे हवे. वडिलांनी भाताच्या पैशांतून काही रक्कम बाजूस काढण्याचे मनात आणले आहे. आणि मुलाने म्हणे असेही बोलून दाखविले, की नवे धनुष्य मिळावयाचे नसेल तर आहे तेही माळ्यावर टाकून देईन. “घ्यावे की न घ्यावे, हे आपण स्पष्ट सांगावे,” असा भगिनीचा आग्रह आहे.

भगिनी, स्पष्ट सांगतो: घेऊ नये. पडवी पुरी करावी. ज्या धनुष्याने शनिवारी सात बाण ताटात बसतात, ते रविवारी कमजोर होत नाही. रविवारी बदलते ते दुसरेच काही, आणि आमचा तर्क खरा असेल तर ते बाजारात विकत मिळत नाही.

धनुष्य ओढणाऱ्या हातास चेहऱ्यावर विसावण्याची एक ठरलेली जागा असावी लागते. इंग्रजी बोलणारे तिरंदाज तिला ‘अँकर’ म्हणतात, म्हणजे नांगर. शेतकरी बैलांमागे धरतो तो नव्हे. होडी एका जागी राहावी म्हणून खलाशी पाण्यात सोडतो तो. आपल्या मराठीत दोहोंना एकच शब्द असल्यामुळे हा खुलासा करावा लागला. दोरी ओढून हात चेहऱ्यापाशी आला की तो कोठे तरी टेकतो, आणि तेथून बाण सुटतो. हे ‘कोठे तरी’ प्रत्येक वेळी तेच असेल तर बाण शहाण्यासारखे वागतात. ते बदलत राहिले तर जगातील कोणतेही धनुष्य माणसास वाचवू शकत नाही.

ह्याचे कारण समजण्यास फार गणित लागत नाही. बंदुकीवर नेम धरण्यासाठी दोन खुणा असतात, एक नळीच्या टोकाशी व एक डोळ्याजवळ. दोहोंची रेष जुळली की नेम जुळला. साध्या धनुष्यावर पुढची खूण म्हणजे बाणाचे टोक. मागची खूण कोठे आहे? ती धनुष्यावर नाहीच. तिरंदाजाच्या स्वतःच्या तोंडावर आहे. बाणाची मागची खाच ज्या ठिकाणी येऊन थांबते, तीच मागची खूण. आता समजा, बाण २८ इंच ओढला आहे आणि गंजी १८ मीटरांवर आहे. टोक अगदी जागच्या जागी आहे, पण मागचा हात नेहमीपेक्षा पाव इंच खाली राहिला. पाव इंच म्हणजे बोटाच्या नखाएवढेही नव्हे. परंतु बाणाच्या लांबीच्या पंचवीसपट अंतरावर गंजी असल्यामुळे ती चूकही पंचवीसपट होऊन तेथे पोहोचते, आणि बाण सुमारे ६ इंच वर लागतो. हात अर्धा इंच खाली राहिला तर १२ इंच. म्हणजे ताटाच्या बाहेर तर खराच; गंजी बुटकी असेल तर तिच्याही बाहेर.

झाली ती वरखालची गोष्ट. मागेपुढे चुकले तर काय होते? धनुष्याची ताकद साधारणतः २८ इंच ओढ धरून मोजतात. पूर्ण ओढीच्या जवळ अशा धनुष्यात प्रत्येक इंचाला दोन-तीन पौंडांचा फरक पडतो. हात ओठापर्यंत न येता इंचभर अलीकडूनच सुटला, तर त्या मुलाचे ३५ पौंडांचे धनुष्य त्या क्षणापुरते ३२-३३ पौंडांचेच राहते, बाण मंद जातो आणि अलीकडे मातीत रुततो. मुलास वाटते, धनुष्यात जोर नाही. जोर आहे, तो पुरता काढून घेतलेला नाही, एवढेच. अशा मुलाच्या हाती ५० पौंडांचे धनुष्य दिले तर तो ते आणखीच अलीकडून सोडील.

हात नेमका कोठे टेकवावा, ह्यावर जगभर एकमत मुळीच नाही. सहाव्या शतकातील बिझँटाइन इतिहासकार प्रोकोपियस ह्याने आपल्या युद्धेतिहासाच्या आरंभीच हा विषय काढला आहे. होमरच्या काव्यातील धनुर्धारी दोरी छातीपर्यंतच ओढीत, तर आपल्या काळचे स्वार ती उजव्या कानापर्यंत नेतात आणि म्हणून त्यांचा बाण प्राणघातक होतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. आपल्या भाषेला तर हे ठाऊकच आहे. ‘आकर्ण धनुष्य ओढणे’ हा प्रयोग आपण कथा-कीर्तनांतून ऐकत आलो. आकर्ण म्हणजे कानापर्यंत. त्या एका शब्दात शरीरावरील खूणच सांगितलेली आहे. जपानी धनुर्विद्येत धनुष्य सव्वादोन मीटरांच्या जवळपास उंच, दोरी चामडी हातमोजा घातलेल्या अंगठ्याने ओढावयाची आणि हात कानाच्याही मागे न्यावयाचा. तेथे हात चेहऱ्यास टेकतच नाही. पण बाणाची काडी गालाला, ओठांच्या रेषेत, हलकेच लागलेली असते, आणि ती तेथे लागली की नाही हे गुरू पाहत असतो. आजच्या ऑलिंपिकमधील खेळाडू हात हनुवटीच्या खाली दाबतात आणि दोरी नाकास व हनुवटीस लावतात. जागा निरनिराळ्या, पण एकदा निवडलेली जागा सोडावयाची नाही, हा नियम सर्वत्र एकच.

एकलव्याची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. द्रोणाचार्यांनी त्याचा अंगठाच का मागितला, ह्याचा उलगडा अंगठ्याने दोरी ओढण्याच्या ह्या रीतीत आहे. अंगठा गेल्यावर तो उरलेल्या बोटांनी बाण मारू लागला, परंतु पूर्वीची चपळाई त्यात राहिली नाही, असे महाभारतात सांगितले आहे. कोणत्याही धनुर्धाऱ्याची पकड बदलली की त्याला सारे पुन्हा शिकावे लागते, हे व्यासांनाही माहीत होते म्हणावयाचे.

आमच्या भगिनीच्या मुलाकडे आहे तसल्या साध्या धनुष्याविषयी उत्तम शिकवण पाहावयाची असेल तर सोळाव्या शतकातील इंग्लंडात जावे लागते. तेथे धनुष्य हा केवळ छंद नव्हता. १३६३ मध्ये तिसऱ्या एडवर्ड राजाने आज्ञापत्र काढून धडधाकट पुरुषांनी सणासुदीच्या दिवशी फावल्या वेळी चेंडूफळीसारखे खेळ सोडून धनुष्यबाणाचा सराव करावा, असे फर्माविले होते. म्हणजे मिस्सा आटोपल्यावर तिरकमठा घेऊन मैदानावर जाणारा आपला हा मुलगा पुष्कळ जुन्या वाटेने चालला आहे! फ्लँडर्समधील नगरांत तर धनुर्धाऱ्यांचे संघच असत, आणि त्यांचा आश्रयदाता संत बहुधा सेबास्तियन. ज्याला बाणांनी विंधले, तोच बाण मारणाऱ्यांचा पाठीराखा. भाविकांच्या कल्पनेला असे उलटे नाते जोडण्यात मोठी गोडी वाटते. ब्रुज शहरातील सेंट सेबास्तियनचा संघ आजही चालू आहे.

असो. १५४५ साली केंब्रिजच्या रॉजर अॅस्कम नावाच्या एका विद्वानाने ‘टॉक्सोफिलस’ नावाचा संवादरूप ग्रंथ छापला. पुढे राजकन्या एलिझाबेथला शिकविणारा तो हाच. विद्वानांनी लॅटिनमध्येच लिहावे असा तो काळ. परंतु धनुष्य हाताळणारी माणसे लॅटिन वाचीत नाहीत, हे ओळखून त्याने तो मुद्दाम इंग्रजीत लिहिला. चांगल्या तिरंदाजीची त्याने पाच अंगे सांगितली आहेत: उभे राहणे, बाण दोरीस लावणे, ओढणे, धरून ठेवणे आणि सोडणे. साडेचारशेहून अधिक वर्षे झाली, तरी ह्या यादीत फारशी भर घालण्याचे कारण कोणास पडलेले नाही. आमच्या विषयाचे मर्म चौथ्या अंगात आहे. ओढणे व सोडणे ह्यांच्यामध्ये ‘धरून ठेवणे’ हे त्याने स्वतंत्र अंग मानले. आणि ते फार लांबवू नये, नाहीतर धनुष्यही शिणते व माणूसही, असेही बजावले. तिरंदाज नेम धरताना मान पुढे काढतात, डोळे वटारतात, ओठ चावतात, तोंड वेडेवाकडे करतात, ह्याची त्याने जी थट्टा केली आहे तीही आम्हाला फुकटची वाटत नाही. चेहरा हलला की चेहऱ्यावर टेकलेला हात हललाच.

ज्या वर्षी हे पुस्तक निघाले त्याच वर्षी, १९ जुलै १५४५ रोजी, आठव्या हेन्री राजाचे ‘मेरी रोज’ हे लढाऊ जहाज फ्रेंच आरमाराशी झुंज चालू असताना पोर्ट्‌स्मथजवळ बुडाले. १९८२ मध्ये त्याचा सांगाडा पाण्याबाहेर काढण्यात आला. त्यातून दीडशेहून अधिक धनुष्ये आणि हजारो बाण मिळाले आहेत. यू नावाच्या झाडाच्या लाकडाची ही धनुष्ये ओढावयास सुमारे १०० पासून १८५ पौंडांपर्यंत जोर लागत असावा, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. १०० पौंड म्हणजे ४५ किलोंहून जास्त. बुडालेल्या माणसांपैकी काहींच्या खांद्यांच्या हाडांत, लहानपणापासून भारी धनुष्य ओढल्याने होत असावा असा वेगळेपणा आढळला. आपल्या मुलाने हे वाचून हुरळून जाऊ नये. ती माणसे एकदम तेथवर गेली नव्हती. ह्यू लॅटिमर नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने १५४९ मध्ये राजासमोर प्रवचन करताना आपले बालपण सांगितले आहे: बाप त्याच्या वयाच्या व बळाच्या मानाने धनुष्ये आणून देई, आणि वय वाढेल तसतशी ती मोठी करीत जाई, शिवाय हातांच्या जोराने न ओढता सारे शरीर धनुष्यात घालावे, असे त्याने शिकविले. लॅटिमर मताने आपल्या बाजूचा नव्हता, परंतु धनुष्य माणसाचे मत विचारीत नाही. त्या बापाच्या दोन्ही गोष्टी सोळा आणे खऱ्या आहेत, आणि आपल्या पत्रातील मुलाने नेमक्या त्यांच्या उलट मागणी केली आहे.

आता प्रत्यक्ष काय करावयाचे ते सांगतो. मुलाने हे स्वतः वाचावे.

धनुष्य प्रथम बाजूस ठेव. आरशासमोर उभा राहा. दात सहज मिटलेले, ओठ मिटलेले. उजव्या हाताची पहिली तीन बोटे दोरी धरल्यासारखी वाकव आणि हात चेहऱ्यावर आण. तर्जनीचे टोक ओठांच्या कोपऱ्याशी येऊ दे. पुष्कळजण एवढ्यावरच थांबतात आणि येथेच फसतात. कारण ओठाचा कोपरा हे मांस आहे आणि मांस हलते. बोट किंचित दाबून पाहा: आत वरचा सुळा लागेल. तो कवटीत रुतलेला आहे, तो हलत नाही. तुझा नांगर त्या दातावर. मग अंगठा मुडपून पाहा, त्याचे मूळ जबड्याच्या हाडाला कोठे तरी लागत असेल. ती दुसरी खूण. बाण ओढल्यावर त्याचे एक पीस नाकाच्या शेंड्याला हळूच शिवते, ती तिसरी. तिन्ही जुळाल्या तर डोळे मिटूनही तुला सांगता येईल, की हात घरी आला. कोणी मधले बोट सुळ्यावर ठेवतात, त्याने बाण डोळ्याच्या अधिक जवळ येतो. तेही चालेल. चालावयाचे नाही ते एकच: आज तर्जनी आणि उद्या मधले बोट.

बाण दोरीवर प्रत्येक वेळी त्याच जागी लागावा म्हणून दोरीला दोऱ्याची एक बारीक गाठ मार. ही गाठ नसेल तर चेहऱ्यावरील सारी काळजी फुकट. दोरी बोटांच्या शेंड्यांनी चिमटीत धरू नये; पहिल्या पेराच्या सांध्यापाशी आकड्यासारखी अडकवावी, एक बोट बाणाच्या वर व दोन खाली. हाताची पाठ सपाट असावी. मनगटातून व पंजातून जोर करू नये, ते केवळ दोर आहेत असे समजावे.

पाय खांद्यांइतके फाकून, अंग गंजीला आडवे ठेवून उभा राहा. आपल्या जुन्या धनुर्वेदात आलीढ, प्रत्यालीढ अशी उभे राहण्याची कितीतरी आसने सांगितली आहेत. नवशिक्याला सरळ उभे राहणे पुरे. डावा खांदा खाली असू दे. तो कानाकडे चढू लागला तर धनुष्य जड आहे असे समज. डाव्या हाताची मूठ आवळू नये. आवळलेली मूठ सुटण्याच्या क्षणी धनुष्यास पिळते. कोपर ताठ कुलूप घातल्यासारखे नसावे, आणि त्याची खोबणी उजव्या बाजूस वळलेली असावी, म्हणजे दोरी दंडावर व मनगटावर चाबकासारखी बसणार नाही. चामड्याची पट्टी तरीही बांधावी.

आणि मान! दोरी चेहऱ्याकडे येते. चेहरा दोरीकडे जात नाही. शंभर नवशिक्यांत नव्वदजण शेवटच्या दोन इंचांत मान पुढे काढून दोरीस भेटावयास जातात, कारण हात थकलेला असतो. आधी मान वळवून गंजीकडे पाहा, मग ती विसरून जा, मग ओढ.

ओढ कोठून यावी हे लिहून सांगणे कठीण, करून पाहणे सोपे. हात सुळ्यापाशी आला म्हणजे काम संपले असे वाटते. खरे तर काम तेथून पाठीकडे सोपवावयाचे असते. उजवे कोपर मागे, किंचित खांद्याच्या रेषेवर, असे जाऊ द्यावे की दोन्ही फऱ्यांची हाडे पाठीच्या कण्याकडे जवळ येत आहेत असे वाटेल. विहिरीतून भरलेली घागर वर ओढणाऱ्या बाईस हे शिकवावे लागत नाही. तिचे दंड नव्हे, पाठ ओढत असते. हे साधले तर बोटे व दंड सैल राहतात आणि हात जागेवर थांबतो. साधले नाही तर नेम धरीत असता हात नकळत अर्धा-पाव इंच पुढे सरकतो. मारणाऱ्यास ते मुळीच कळत नाही, शेजारी उभ्या असलेल्यास लगेच कळते.

सोडावयाचे म्हणजे बोटे उघडावयाची नव्हेत, धरणे थांबवावयाचे. पाठ ओढत असल्यामुळे हात आपोआप जबड्याला घासून मागे कानाखाली जातो. तो बाहेर, गालापासून दूर झटकला गेला तर सतार छेडल्यासारखी दोरी आडवी छेडली जाते व बाण बाजूस जातो. डावा हात बाण गंजीत रुतल्याचा आवाज येईपर्यंत तेथेच ठेवावा.

येथवर वाचून मुलगा म्हणेल, हे सारे मी शनिवारी करतोच! करीत असेलही. मग रविवारचे काय?

नाडी न पाहता औषध देणाऱ्या वैद्यासारखे आम्ही वागत आहोत हे खरे. पण पत्रात एक वाक्य असे आहे की त्यावर आमचे बोट अडले. “भाऊ जमले की हा त्यांच्याशी हसत-बोलत बाण मारतो,” असे आईने लिहिले आहे. भगिनी, गंजीवरून गेलेल्या बाणांचे कोडे आम्हास तेथेच उकलल्यासारखे वाटते. बोलताना वा हसताना तोंड उघडते. जबडा खाली जातो, त्याबरोबर ओठाचा कोपरा खाली ओढला जातो, आणि कोपऱ्यावर विसावलेले बोटही. अर्धा इंच सहज. अर्ध्या इंचाचे गंजीवर काय होते, ते वर सांगितलेच. उलट, नुसते ओठ ताणून हसू आले तर तोच कोपरा मागे व वर जातो आणि बाण दुसरीकडे कोठे तरी जातो. अॅस्कमने तिरंदाजांच्या तोंडांची थट्टा केली ती उगीच नव्हे.

मातीत रुतणाऱ्या बाणांचे कारण अधिक गंभीर आहे, आणि तेथे आम्ही थोडे सांभाळून लिहितो. बघणारे जमले की मुलास वाटते, लवकर मारावे, एकदाचा लागावा. बाणाचे टोक गंजीवर आले रे आले की बोटे सुटतात. हात अद्याप ओठापर्यंत आलेलाही नसतो. प्रारंभी हे गर्दीपुढेच होते. पुढे एकांतातही होऊ लागते. मग ओढू म्हटले तरी हात ओठाशी पोहोचत नाही, जणू मध्ये भिंत आहे. चांगले, मुरलेले तिरंदाजही ह्या खोडीत सापडलेले आहेत, आणि काहींनी त्यापायी धनुष्य कायमचे टाकले आहे. हा भित्रेपणा नव्हे. डोळ्याने लक्ष्य पाहिले की सुटावयाचे, ही बोटांना लागलेली सवय आहे, आणि धनुष्य जितके जड तितकी ती लवकर लागते. मुलाने धनुष्य माळ्यावर टाकण्याची भाषा केली, ती ह्याच वाटेवरची नसेल ना, अशी आम्हास शंका आहे. म्हणून त्यास कोणी चिडवू नये, भावांनी तर मुळीच नाही.

उपाय जुना व कंटाळवाणा आहे. गंजीपासून चार पावलांवर उभे राहावयाचे, इतके जवळ की चुकणे शक्य नाही. गंजीवर ताट, कागद, खूण काही लावावयाचे नाही. ओढावयाचे, हात सुळ्यावर आणावयाचा, डोळे मिटावयाचे, मनात सावकाश तीन अंक मोजावयाचे. पहिले काही दिवस प्रत्येक दुसऱ्या वेळी बाण न सोडताच दोरी हळूहळू परत आणावयाची. ओढलेले धनुष्य म्हणजे सोडलेच पाहिजे असे नाही, हे बोटांना कळले पाहिजे. मात्र बाण न लावता ओढलेली दोरी एकदम सोडू नये; धनुष्य तडकते, आणि मग खरेच नवे घ्यावे लागेल! रोज वीस-पंचवीस बाण पुरे. महिनाभर असे करावे. मग दहा पावले, मग ताट, मग भाऊ.

३५ पौंड म्हणजे जवळजवळ १६ किलो. सोळा वर्षांच्या नवशिक्यास तेही थोडे जास्तच. कोणाकडे २०-२५ पौंडांचे धनुष्य काही दिवस मागून मिळाले तर हा सराव त्यावर करावा. त्यात कमीपणा नाही. आईने बाजूस, मुलाच्या पाठीमागच्या रेषेत, कधीही पुढे नव्हे, उभे राहून पाहावे. पूर्ण ओढल्यावर बाणाचा जो भाग धनुष्याच्या मुठीपाशी येतो तेथे शाईची खूण करावी. ती खूण प्रत्येक बाणाच्या वेळी मुठीपर्यंत आली की नाही, एवढेच आईने सांगावयाचे: आली, नाही आली. बाण कोठे लागला हे सांगू नये. आता घरोघरी मोबाइल फोन आहेत. बाजूने चित्रण करून रात्री मुलास दाखविले तर आईशी वाद घालण्याचे त्यास कारण उरणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी पत्र वाचताना आमच्या अंगावर काटा आणून गेली. बाण गंजीच्या माथ्यावरून पलीकडे जातात. पलीकडे काय आहे? पत्रात नाही. वाट असेल, गुरे चरत असतील, पोरे बोरे वेचीत असतील, तर ह्या क्षणापासून तेथे बाण मारणे बंद करावे. गंजी उंच बांधाला किंवा दरडीला टेकवून लावावी, आणि बघणारे सारे मारणाऱ्याच्या मागे उभे करावेत.

भगिनी, पुढील पत्रात दोन गोष्टी आवर्जून कळवाव्यात: गंजीच्या मागे काय आहे, आणि मुलाचे बोट कोणत्या दातावर टेकते. पडवीचे छप्पर कौलारू करावयाचे की पत्र्याचे, ह्याविषयीही आपण विचारले आहे. त्याबद्दल पुढील अंकी लिहू.